विषय क्रमांक चौदा

अमेरिकेहून आलेला माणूस नायगारा सांगतो. मी नायगारा पाहिला नाही. जावयानं बेत दोनदा आखला आणि दोनदा कॅन्सल केला, एकदा त्याचं काम निघालं म्हणून आणि एकदा नातवाची सॉकरची मॅच निघाली म्हणून. त्याऐवजी मी शिकागोत नायजेरियातल्या एका गावाची वार्षिक सभा पाहिली. कोणी विचारलं तर सांगेन म्हणून वाट पाहिली, कोणी विचारत नाही, तेव्हा लिहून काढतो.

आधी माझ्याबद्दल. मी सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून लागलो आणि पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून रिटायर झालो. नोकरी चौतीस वर्षं. एवढ्या काळात ग्रामसभा इतक्या झाल्या, की मला गाढ झोपेतून उठवलं तरी इतिवृत्ताच्या पहिल्या तीन ओळी मी न अडखळता म्हणेन. हे पुढे कामाला येणार आहे.

ईडन प्रेरी, शुक्रवार

२००७ सालचा उन्हाळा आम्ही दोघं मुलीकडे ईडन प्रेरीला होतो. हे मिनियापोलिसचं उपनगर. रस्ते रुंद, गवत कापलेलं, आणि माणूस दिसला तर तो कुत्र्यामागे चाललेला. नातू मराठीत विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर द्यायचा, त्यामुळे आमचं बोलणं परीक्षेच्या पेपरासारखं व्हायचं. दोन महिन्यांत मी शेजाऱ्यांचं गवतसुद्धा ओळखायला लागलो होतो.

गणपती पंधरा दिवसांवर आले होते. हिची यादी तयार होती: कढीपत्ता, आमसुलं, मेतकूट, कापूर, पूजेच्या सुपाऱ्या एकवीस. यातलं बरंच मिनियापोलिसलाही मिळतं, पण शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर सगळं एका रांगेत मिळतं असं हिला कोणीतरी देवळात सांगितलं होतं. माझा पुतण्या अनिकेत मिनियापोलिसच्या युनिव्हर्सिटीत एम.एस. करत होता आणि लेबर डेच्या सुट्टीत मित्राकडे शिकागोला निघाला होता. "काका, चल ना, यादी तूच घेऊन चल," तो म्हणाला. त्याला यादीची जबाबदारी नको होती, मला गवत नको होतं.

गाडीत तिसरी सवारी होती. न्गोझी, नायजेरियाची, वय सव्वीस, अनिकेतच्या युनिव्हर्सिटीत राज्यकारभार या विषयाची पदवी नुकतीच संपवलेली. उंच, शांत, आणि मांडीवर एक फाइल. तिनं मला पहिल्या मिनिटाला विचारलं, की अनिकेत तुम्हाला काय म्हणतो. मग तीही काका म्हणायला लागली. तिच्याकडे मोठ्या माणसाला नावानं हाक मारली, तर आई दोन दिवस बोलत नाही म्हणे. दोन महिने मला नातवाचे मित्र पहिल्या नावानं हाक मारत होते. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

विस्कॉन्सिन

सात तासांच्या वाटेत मका, कोठारं, मका. इंटरनेटवरून काढलेल्या रस्त्याच्या तीन पानांपैकी तिसरं पान प्रिंटरमध्येच राहिलं, हे अनिकेतला दुसरं पान संपल्यावर कळलं. त्यामुळे आम्ही एका छोट्या गावात शिरलो. तिथे चीजचं दुकान होतं, आणि दुकानाबाहेर फायबरची गाय होती. ताजं चीज दाताखाली कुईकुई वाजतं, ते वाजणं हा ताजेपणाचा पुरावा आहे, असं दुकानदारबाईंनी सांगितलं. आमच्याकडे खाण्याच्या वस्तूनं आवाज केला तर आपण ती परत करतो.

हिनं डब्यात दशम्या आणि ठेचा दिला होता. न्गोझीला मी सांभाळून म्हटलं, थोडासाच घे. तिनं थोडासा घेतला, मग चमचाभर, मग डबा तिच्याकडेच राहिला. बदल्यात तिनं आपल्या पिशवीतून तळलेले गोड तुकडे काढले. ते शंकरपाळे होते. मी तसं म्हणालो, ती म्हणाली नाही, याचं नाव वेगळं आहे. नाव वेगळं असेल, ते शंकरपाळेच होते.

मग मी फाइलचं विचारलं. तिच्या गावाची अमेरिकेतल्या लोकांनी काढलेली एक संघटना आहे. शहराशहरात शाखा, वर्षातून एकदा सगळ्यांची सभा. डिसेंबरात सगळे गावी जातात, तेव्हा गावाची मोठी बैठक भरते, आणि पाणी, शाळा, बाजार, सगळं तिथे ठरतं. त्या बैठकीत अमेरिकेतल्या संघटनेला तीन जागा आहेत. तिन्ही जागांवर आजवर साठीच्या पुढचेच लोक बसले. न्गोझीचा ठराव एका ओळीचा होता: तीनपैकी एक जागा पस्तीस वर्षांच्या आतल्या सभासदाला द्यावी.

हा ठराव ती तिसऱ्यांदा मांडत होती. पहिल्या दोन वर्षी तो चर्चेलाच आला नाही. मी अजेंडा मागितला. एकंदर चौदा विषय होते आणि हा चौदावा, "अध्यक्षांच्या परवानगीने" या सदरात. मला हसू आवरेना. आमच्याकडेही आयत्या वेळचे विषय शेवटी असतात, आणि तोवर लोक चहाला गेलेले असतात. विषय मारायचा असेल तर त्याला नकार देत नाहीत, शेवटचा नंबर देतात. मी स्वतः कितीतरी विषयांना असे नंबर दिलेत.

न्गोझी हसली नाही. तिनं फाइलमधून एक पाकीट काढून दाखवलं. मिनियापोलिसच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र होतं, उत्तर मंगळवारपर्यंत द्यायचं होतं. ठराव पास झाला, त्या जागेवर तिला बसवलं, तर ती गावी जाणार होती, कायमची. नाही झाला तर नोकरी घेणार होती. गावी जाऊन भिंतीला टेकून उभं राहायला मी एवढं शिकले नाही, असं ती म्हणाली, आणि खिडकीतून मका बघत बसली.

तिला धीर द्यावा म्हणून मी सांगितलं, की आमच्या तालुक्यात बावीस वर्षांची मुलगी सरपंच होती. सुनीता नाव. बारा वर्षांपूर्वी तिच्या अध्यक्षतेखाली ग्रामसभा झाली, ठरावही झाला, मी स्वतः हजर होतो. न्गोझीनं लगेच वही काढली. गावाचं नाव, वर्ष, वय, सगळं लिहून घेतलं. लिहिताना ती मला विचारत होती आणि मी सांगत होतो. तेव्हा थांबायला हवं होतं.

डेव्हन ॲव्हेन्यू, शनिवार सकाळ

डेव्हनवर गाडी लावायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सगळी यादी झाली असती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साड्या, मिठाया, किराणा. एका दुकानात हिंदीत विचारलं, उत्तर गुजरातीत आलं, पैसे इंग्रजीत सांगितले. मेतकूट मिळालं नाही. ते काय असतं हे दुकानदाराला सांगण्यात पंधरा मिनिटं गेली, आणि शेवटी तो म्हणाला, की असं काही नसतं. सुपाऱ्या मात्र चांगल्या मिळाल्या, गोल, जड, एकवीस मोजून. पिशवी गाडीत ठेवली आणि सुपाऱ्यांची पुडी हरवू नये म्हणून खिशात.

न्गोझीनं जेवायला बोलावलं होतं. सभा दुपारी दीडला, जेवण त्याआधी, तुम्ही जेवून जा, असं. सभेचं ठिकाण तिथून दहा मिनिटांवर, एका चर्चच्या तळघरातला हॉल. हॉलमध्ये शंभरेक माणसं असतील. पुरुष झुळझुळीत लांब अंगरख्यांत, डोक्याला लाल टोप्या. बायका रंगीत फेट्यांत. खुर्च्यांवर मोठी माणसं. तरुण पोरंपोरी भिंतीला टेकून. मी दारातूनच ती मांडणी ओळखली. सतरंजीच्या जागी खुर्च्या तेवढ्या वेगळ्या, बाकी आमचीच ग्रामसभा.

जेवण उत्तम होतं. टोमॅटोतला लालभडक भात, आणि कुटलेल्या कंदाचा पांढरा गोळा, तो हातानं तोडून दाट रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. मी चावला, तर शेजारच्या आजी माझ्याकडे दयेनं बघायला लागल्या. रश्शात काय काय होतं ते विचारलं नाही. शनिवार होता. हे हिला सांगितलेलं नाही, ती वाचेल तेव्हा बघू.

जेवून आम्ही निघणार, तेवढ्यात अध्यक्ष आले. डॉक्टर ओबी, निवृत्त सर्जन, गंभीर चेहरा. पाहुणे सभा सुरू होताना निघून जात नाहीत, असं त्यांनी सांगितलं, आणि माझा हात धरून मला पहिल्या रांगेत बसवलं. मग माझं वय विचारलं. मी म्हटलं सदुसष्ट. ते सहासष्ट होते. त्यांनी दोन माणसांशी कुजबुज केली आणि चेहरा आणखी गंभीर झाला.

तळघर, दुपारी दीड

आधी एक लाकडी तबक आलं. त्यात एकच फळ, तांबूस, अंगठ्याएवढं, सोललेल्या फणसाच्या आठळीसारखं. हे कोला नट. ते तबक हॉलभर फिरलं, प्रत्येक पुरुषानं त्याला हात लावला, आणि फिरून माझ्यापुढे आलं. अध्यक्ष वाकून म्हणाले, की आज सर्वांत वडील तुम्ही, तेव्हा हे तुमच्या हाती.

आता माणसाला आदरानं तबकातून सुपारी दिली, तर तो काय करतो? मी नमस्कार केला, कोला उचललं, कपाळाला लावलं आणि खिशात टाकलं.

हॉल गप्प झाला. मला वाटलं, सभ्यतेनं गप्प झाला. मी पण गप्प बसलो. एक मिनिट गेलं. भिंतीपाशी एक मुलगी तोंडावर हात घेऊन खाली बसली. मागून न्गोझी माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "काका, ते बाहेर काढा. ते फुटल्याशिवाय सभा सुरू होत नाही." एवढी एकच सुपारी, आणि तिच्यावर शंभर माणसं अडलेली. मी म्हटलं, तूच घे आणि ठेव तबकात. ती म्हणाली, बाईनं हात लावायचा नसतो. तिच्याकडे राज्यकारभाराची पदवी होती.

मी खिशात हात घातला. पहिल्यांदा हाताला लागली ती डेव्हनवरची सुपारी. ती तबकात पडली. अध्यक्षांनी ती उचलून उजेडात धरली, वास घेतला, शेजाऱ्याला दिली, त्यानंही घेतला. मी घाईघाईनं कोला काढून शेजारी ठेवलं. मग अनिकेतला उभं राहून सांगावं लागलं, की आमच्यात सुपारी देतात ती घरी नेतात. यावर हॉलभर मान डोलली. मला वाटलं होतं हसतील, तर लोकांना ते पटल्यासारखं दिसलं.

पुढचं संकट मोठं होतं. वडील माणसानं कोलावर आशीर्वादाचे चार शब्द बोलायचे असतात, आणि ते इंग्रजीत चालत नाहीत, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत आहे. अध्यक्ष म्हणाले, तुमची भाषा कळते की नाही हे अजून कोणी पाहिलेलं नाही, तुम्ही बोला. लोक उभे राहिले. मीही उभा राहिलो. एखादा श्लोक आठवावा म्हटलं, तर एकही आठवेना. समोर टेबल, टेबलामागे अध्यक्ष, भिंतीला माणसं. तोंडातून जे निघालं ते चौतीस वर्षांच्या सवयीनं निघालं.

"आज रोजी दुपारी दीड वाजता, कोरम पूर्ण असल्याने, सभेचे कामकाज सुरू करण्यात येत आहे."

"इसे," सगळा हॉल एका सुरात म्हणाला. म्हणजे तथास्तु.

"मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले."

"इसे."

हे 'इसे' मोठं उत्तेजन देणारं असतं. माझ्या कुठल्याही इतिवृत्ताला असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. आवाज चढला. काल वाटेत त्या फाइलमधला ठराव मी वाचला होता, त्यामुळे पुढची ओळ आपोआप आली.

"विषय क्रमांक एक. तीनपैकी एक जागा पस्तीस वर्षांच्या आतील सभासदास देण्याबाबत विचार करणे. सूचक, कुमारी न्गोझी."

"इसे."

"चर्चेअंती," मी म्हणालो, आणि तिथे थांबलो. कारण त्यापुढचे शब्द 'सर्वानुमते मंजूर' असेच असतात आणि ते लोकांनी 'इसे' म्हणून मान्य केले असते. एवढी अक्कल त्या क्षणी शिल्लक राहिली, याचं मला अजून नवल वाटतं.

भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका मुलाच्या हातानं कोला फुटलं, त्याच्या फोडी वाटल्या. कडू होतं, तोंड आकसेल इतकं कडू. पण न्गोझीचं नाव सगळ्यांना ऐकू गेलं होतं. अध्यक्षांनी अनिकेतला विचारलं, की काका नक्की काय म्हणाले. अनिकेतनं सरळ सांगून टाकलं. हॉलमध्ये गलका झाला. अध्यक्षांनी हात वर करून तो थांबवला. मग म्हणाले, की वडील माणसानं कोलापुढे मागितलेलं आधी ऐकावं लागतं, पण ऐकणं म्हणजे देणं नव्हे. चौदावा विषय पहिला झाला.

न्गोझी उठली. तिला बोलताना मी पहिल्यांदा पाहत होतो. आवाज चढवला नाही. गावात संघटनेनं बांधलेला हॉल आहे, देणाऱ्यांची नावं संगमरवरावर आहेत, आणि हॉलची किल्ली ह्यूस्टनला राहणाऱ्या खजिनदारांकडे असते, असं तिनं सांगितलं. गावातली पोरं त्या हॉलच्या पायऱ्यांवर सभा घेतात. पोरांनी तीन वर्षं विहीर मागितली, इथून ठराव गेला हॉलच्या फाटकाचा. मग तिनं वही उघडली आणि माझ्याकडे हात केला. या काकांच्या तालुक्यात बावीस वर्षांची मुलगी ग्रामसभेची अध्यक्ष होती, तिनं ठराव मांडला, तो सर्वानुमते पास झाला, आणि त्यांचं गाव काही बुडालं नाही.

शंभर माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी हो म्हणून मान हलवली. ती मान हलवणं मला आजही नकोसं होतं.

विरोधात पहिले बोलले ते युवक शाखेचे अध्यक्ष. त्यांचं वय बावन्न. तरुण अजून तयार नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली, आमच्या तालुक्याचे युवा नेतेही त्याच वयाचे आहेत आणि केस काळे करतात. आणखी चौघं बोलले. लहानांनी आधी ऐकायला शिकावं, वगैरे. एक आजी ठरावाच्या बाजूनं बोलल्या, त्याच ज्यांनी माझं चावणं पाहिलं होतं.

मग हात वर करून मतदान. मत कुटुंबप्रमुखालाच, असा नियम निघाला. म्हणजे भिंतीला टेकलेल्या एकालाही मत नव्हतं. खुद्द सूचकाला मत नव्हतं. बाजूनं सव्वीस, विरोधात एकतीस. न्गोझीनं वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केली आणि लिहीतच राहिली, मान वर केली नाही.

सेक्रेटरी लॅपटॉपवर इतिवृत्त टिपत होते. त्यांनी वाचून दाखवलं: तरुणांच्या प्रश्नावर खेळीमेळीत चर्चा झाली, आणि विचारविनिमय पुढे चालू ठेवण्याचे सर्वानुमते ठरले.

ही भाषा मला पाठ होती. वाक्य चांगलं होतं, मी असतो तर असंच लिहिलं असतं. आणि पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात बोलू नये हेही मला कळतं. तरी माझा हात वर गेला.

"आकडे लिहा," मी म्हणालो. "सव्वीस आणि एकतीस. आणि मांडणारीचं नाव लिहा."

सेक्रेटरी नम्रपणे म्हणाले, की आम्ही मतभेद लिहीत नाही, त्यानं गावात फूट दिसते.

"मीही लिहीत नव्हतो," मी म्हणालो. माझं इंग्रजी ऑफिसातलं, त्यात हे वाक्य कधी लागलं नव्हतं, पण सापडलं. "चौतीस वर्षं सर्वानुमते लिहिलं. खोटं लिहिलं."

अनिकेत माझ्याकडे असा बघत होता, जसा लहानपणी मी त्याच्या बापाशी भांडताना बघायचा. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सेक्रेटरींना म्हणाले, "लिहा." आणि दुसरा विषय पुकारला.

निघताना अध्यक्ष दारापर्यंत आले. त्यांनी माझ्या हातात दुसरं कोला ठेवलं. त्यांच्यातही पाहुण्याला एक कोला घरी न्यायला देतात, म्हणजे घरच्यांना कळतं की माणूस कुठे जाऊन आला. "हे खिशात टाकायचं," ते म्हणाले, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. मी त्यांना माझी सुपारी ठेवून घ्यायला सांगितली. ती त्यांच्या अंगरख्याच्या खिशात आधीच गेली होती.

परत, रविवार

 मका तोच होता, विरुद्ध बाजूनं. विस्कॉन्सिनमधल्या एका विसाव्याच्या जागी अनिकेत कॉफी आणायला गेला. तिथे झाडाखाली लाकडी बाकं आहेत, तिथे न्गोझी आणि मी बसलो. तिच्या मांडीवर ते पाकीट होतं. तिनं विचारलं, की त्या सुनीताचं पुढे काय झालं, दुसऱ्यांदा निवडून आली का.

मी खरं सांगितलं. त्या ग्रामसभेत खुर्चीवर सुनीताचा नवरा बसला होता. ती दाराशी उभी होती, कपांचा ट्रे हातात घेऊन. खालच्या वस्तीत नळ आधी द्या, असं ती एकदा म्हणाली, हळू आवाजात, पण मी ऐकलं. नवरा म्हणाला पुढं बघू, आणि देवळाच्या सभामंडपाचा विषय घेतला. ग्रामसेवक रजेवर होता म्हणून इतिवृत्त मी लिहिलं. सरपंच सौ. सुनीता यांच्या अध्यक्षतेखाली. सभामंडपाचा ठराव सर्वानुमते मंजूर. आणि सूचक म्हणूनही तिचंच नाव घातलं, कारण ते कागदावर शोभून दिसतं. तिनं सही केली. नंतर ती कधी उभी राहिली नाही. लाज वाटली, तेव्हा नाही, काल वाटली, असं मी म्हणालो.

न्गोझीनं मांडीवरचं पाकीट बाजूला ठेवलं. मला वाटलं, उठून जाईल. तिनं माझ्या शब्दावर शंभर माणसांपुढे भाषण केलं होतं, रागावली असती तरी मला बोलायला जागा नव्हती.

"ती आता किती वर्षांची आहे?"

"चौतीस."

"म्हणजे माझ्या ठरावात बसते," ती म्हणाली. मग तिनं वही दाखवली. काल मतदान चालू असताना ती जे लिहीत होती ती सव्वीस नावं होती, हात वर करणाऱ्यांची, शाखेसकट. "आजवर मला वाटायचं माझ्या बाजूनं कोणीच नाही. सव्वीस आहेत. आणि ते लिहिलं गेलंय. मी जाते, काका."

जागा नाही मिळाली तरी? मी विचारलं. ती म्हणाली, जागा नाही मिळाली तरी. तिनं माझ्या खिशातलं कोला मागून घेतलं, ओल्या कागदी रुमालात गुंडाळलं, पाकिटातलं पत्र काढून घडी करून पर्समध्ये टाकलं आणि कोला त्या रिकाम्या पाकिटात घालून मला परत दिलं. अध्यक्षांनी दिलंय तुम्हाला, पण ते सुनीताला द्या, म्हणाली. बाईनं हात लावायचा नसतो ना, मी म्हटलं. तिनं खांदे उडवले.

घरी हिनं सुपाऱ्या मोजल्या. वीस भरल्या. एकविसावी एका सर्जनच्या खिशात आहे, हे तिला आजवर खरं वाटलेलं नाही.

सातारा जिल्हा

आम्ही ऑक्टोबरात परतलो. कोला मी विमानात खिशातच आणलं, त्याला तिथली सवय झाली होती. सुनीताच्या गावी जायला मात्र मला जानेवारी उजाडला. आज जाऊ उद्या जाऊ. तेवढ्यात न्गोझीची ईमेल जावयाकडे आली, त्यानं ती छापून टपालानं पाठवली. डिसेंबरातली बैठक झाली. ती गेली. बसायला खुर्ची दिली नाही, म्हणून तिनं घरून नेली आणि दुसऱ्या रांगेत टाकून बसली. कोणी उठवलं नाही. खाली एक ओळ होती, कोला दिलं का?

दुसऱ्या दिवशी गेलो. सुनीतानं मला ओळखलं, साहेब म्हणाली, चहा टाकला. नवरा शेतावर होता. ती ट्रे घेऊन आली आणि दाराशीच थांबली. मी म्हटलं, आधी बस. ती बसली, खुर्चीच्या कडेवर. मी कोला पुढे केलं. ते आता सुरकुतलं होतं, विटकरी झालं होतं. कुठून आलं, कोणी दिलं, सगळं सांगितलं. मग जे सांगायला आलो होतो ते सांगितलं, की त्या रजिस्टरात मी खोटं लिहिलं होतं. तू नळ मागितलास, मी सभामंडप लिहिला.

तिनं कोला हातात घेतलं, नखानं त्याची फोड सुटी केली, अर्धी मला दिली, अर्धी तोंडात टाकली.

"कडू हाय," ती म्हणाली. थोडा वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "ठाऊक होतं मला, साहेब. सही तर माझीच हाय. मी वाचून केली होती."